शत्रु, मित्र आणि सहयोद्धा

राष्ट्राराष्ट्रांतील मैत्रीला गरज सरेपर्यंतच आयुष्य असतें, असें इतिहासाचे जाणते सांगतात. अशा मैत्रीच्या पालटाची किंमत कोणाला मोजावी लागते, तें आज इटलीच्या उदाहरणावरून पाहूं.

१८८२ सालीं इटलीनें जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशीं त्रिराष्ट्र करार केला. तो बचावापुरता होता. १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें, तेव्हां चढाई ऑस्ट्रियानेंच केली, या कारणास्तव इटली तटस्थ राहिली. पुढें २६ एप्रिल १९१५ रोजीं लंडन येथें गुप्त तह होऊन तिला ट्रेंटिनो, त्रिएस्ते आदि प्रदेशांचें आश्वासन मिळालें, आणि मे महिन्यांत तिनें जुन्या दोस्तावरच शस्त्र उचललें.

दुसऱ्या महायुद्धांत हाच प्रकार अधिक दारुण रीतीनें घडला. १० जून १९४० रोजीं मुसोलिनी जर्मनीच्या बाजूनें युद्धांत उतरला. सिसिलीवर दोस्तांचें सैन्य उतरल्यावर २५ जुलै १९४३ रोजीं राजानें त्याला पदच्युत केलें. ३ सप्टेंबरला युद्धतहकुबीवर गुप्तपणें सह्या झाल्या. ८ सप्टेंबरला ती जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशीं राजा व पंतप्रधान बादोल्यो रोम सोडून गेले. सैन्याला मात्र स्पष्ट हुकूम मिळाला नाहीं. सुमारें सहा लक्ष इटालियन सैनिक कालच्या मित्राच्या बंदीशाळांत पडले. केफालोनिया बेटावर प्रतिकार करणाऱ्यांपैकीं अनेकांना शरण आल्यावरहि गोळ्या घालण्यांत आल्या. १३ ऑक्टोबरला इटलीनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. तरी दोस्तांनीं तिला 'सहयोद्धा' एवढाच दर्जा दिला.

हा पालट आपल्या मराठा शिपायांनींहि पाहिला. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण १९४१ सालीं इरिट्रियांतील केरेन येथें इटालियनांशीं लढली. तीच पलटण १९४४ सालीं इटलीच्या भूमीवर जर्मनांशीं झुंजत होती. १० जुलै रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें मशिनगनचें ठाणें जिंकलें आणि ते तेथेंच धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या युद्धांत ते पडले, त्यांत हिंदुस्थानला व्हाइसरॉयनें १९३९ सालीं येथील लोकप्रतिनिधींना न विचारतांच गोंवलें होतें.

१९४७ च्या पॅरिस तहांत इटलीनें आपल्या वसाहती गमावल्या. तेव्हां श्रोतेहो, कोणत्याहि नव्या मैत्रीचा करार वाचतांना कोणाला काय लाभलें, एवढेंच पाहून थांबूं नये. चौकीवर उभ्या असलेल्या शिपायाला त्याची वार्ता वेळेवर पोंचते कीं नाहीं, हेंहि विचारावें.