बांगड्या कुणाच्या?

यवतमाळ जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी हा कोलाम-गोंड वस्तीचा, कापसाचा तालुका. आपल्या या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी कितीतरी बायका ऐन उमेदीत एकट्या पडल्या. धनी गेला की दहाव्याच्या आतच बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. कापूस वेचताना, भाकरी थापताना वर्षानुवर्षं किणकिणणारा हात एकदम मुका होतो. दुःख असतंच, त्यात आरशातली ओळखही जाते.

अंगावरच्या वस्तूचा मनावर परिणाम होतो, हे ॲडम आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलं. एकच पांढरा कोट. ‘डॉक्टरचा’ म्हणून घातला तर लक्ष अधिक लागलं, ‘चित्रकाराचा’ म्हणून घातला तर नाही. प्रयोग कोटाचा होता, दागिन्याचा नव्हे. पण आईनं दिलेली पाटली चाचपून धीर घेणारीला हे कुणी शिकवायला नको.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथांच्या बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय कुणीही मांडू शकतं. आणि हो, बांगड्या-जोडवी ठेवायची की उतरवायची, ते धनी गेलेल्या बाईनंच ठरवायचं; जावा-नणंदांनी नव्हे.