पायाची शीर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घोट्याच्या आतल्या बाजूने कातडीखालून थेट जांघेपर्यंत एक लांब शीर जाते. तिचे नाव सॅफेनस. ते अरबी ‘साफिन’वरून आले असे कोणी म्हणतात, कोणी ग्रीक भाषेकडे बोट दाखवतात. तो वाद पंडितांचा. पण फुगलेल्या शिरा काढण्याची शस्त्रक्रिया कॉर्डोव्याच्या अल्-जहरावी यांनी सन १००० च्या सुमारास ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथात लिहून ठेवली, हे निश्चित.

वर चढलेले रक्त खाली परतू नये म्हणून या शिरेत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त साचते, शीर वेडीवाकडी फुगते. लूमवर तासन्‌तास उभे राहणारे कारागीर, आम्ही शिक्षक आणि बाळंतपणे झालेल्या आयाबहिणी यांना हा त्रास अधिक. पूर्वी ती शीर सर्रास ओढून काढीत. आता पुष्कळदा लेसरच्या उष्णतेने आतूनच बंद करतात. खोलवरच्या शिरा रक्त वाहून नेतात, त्यामुळे अडत नाही.

निरोगी शीर मात्र मोलाची. १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी हीच शीर हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालण्यासाठी वापरली. ती उलटी करून जोडतात, नाहीतर तिच्याच झडपा रक्त अडवतील! विद्यार्थ्यांनी आकृती काढून पाहावी.

आपल्याकडे आया सलवारीआड पाय लपवतात. घोट्याजवळची जखम चिघळली की मग दवाखाना. तसे करू नका. शीर फुटून रक्त वाहू लागले तर आडवे व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवा आणि डॉक्टरांना गाठा.