शरदातली आपली वस्ती
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



निसर्ग पाहायला महाबळेश्वरच गाठावे लागते, हा समज आपण आधी सोडून देऊ या. पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात, आपल्याच वस्तीतून अर्धा तास सावकाश फिरलो तरी पाहण्यासारखे पुष्कळ सापडते.

सकाळी रस्त्यावर लांब नळीच्या पांढऱ्या फुलांचा सडा दिसला की वर पाहावे. तो बूच. त्याची फुले रात्री उमलतात व सकाळी गळतात. साल बाटलीच्या बुचासारखी, म्हणून हे नाव. संध्याकाळी उग्र वास येतो तो सप्तपर्णीचा. नावात सात पाने असली तरी प्रत्येक झुबक्यात सातच असतील असे नाही, मोजून पाहावीत. त्याच्या लाकडाच्या पूर्वी विद्यार्थ्यांसाठी पाट्या करीत, म्हणून शास्त्रीय नावात 'स्कोलॅरिस' हा शब्द आला. गटाराच्या काठी शेपटी वरखाली करणारा, पिवळ्या पोटाचा करडा धोबी हा तर उत्तरेकडून आलेला हिवाळी पाहुणा. दसऱ्याला आपट्याच्या नावावर कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात. आपट्याचे पान लहान, कांचनाचे मोठे. ओरबाडली मात्र दोन्ही झाडे जातात.

आज बहुतेक घरांत मोबाईल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. पण आधी डोळ्यांनी पाहावे, मग छायाचित्र घ्यावे. पूर्ण झाड, खोड, पान आणि फूल अशी चार छायाचित्रे पुरेत. पानाशेजारी नाणे ठेवले की आकार कळतो. फूल तोडू नये, पडलेले घ्यावे. वहीत तारीख व जागा लिहावी.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायला रीतसर परवानगी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. पण झाड पडल्यावर "इथे मोठे झाड होते" असे सांगून काय होणार? तारखेसह छायाचित्र असेल, तर आपल्या म्हणण्याला आधार मिळतो. आपल्या वस्त्यांत झाडे मुळातच थोडी. त्यांची नोंद दुसरे कोणी येऊन ठेवणार नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, प्रत्येकाने एक झाड निवडावे. पुढच्या आश्विनापर्यंत दरमहा, त्याच जागी उभे राहून, त्याचे एक छायाचित्र घ्यावे. बारा छायाचित्रांत त्या झाडाचे वर्ष दिसेल, आणि ते झाड आपल्या ओळखीचे होईल. ओळखीच्या झाडावर कुऱ्हाड आली तर आपण गप्प बसणार नाही.