दोन बोटं आणि जड आवाज



घरातली पोरं मोबाईलवर कधी कधी असं काही लावतात की फडताळातली भांडी खाली आल्यासारखं वाटतं. ‘बंद कर रे ते’ म्हणून आपण ओरडतो. त्या संगीताला हेवी मेटल म्हणतात, म्हणजे जड धातू. ते तुम्हाला आवडावं असा माझा आग्रह नाही, मलाही त्यातलं थोडंच झेपतं. पण ते जिथून आलं ती वस्ती घुग्गुस, बल्लारपूर, दुर्गापूरच्या बायांना ओळखीची वाटेल.

इंग्लंडात बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथल्या ॲस्टन या कामगार वस्तीतला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. वय सतरा. गिटार चांगली वाजवायचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं, म्हणून नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, जा, दिवस पुरा करून ये. आपणही हेच म्हटलं असतं.

त्याच्या आधी प्रेसवर एक बाई पत्रा वाकवून द्यायची. ती त्या दिवशी आली नव्हती. टोनीला तिच्या मशीनवर उभं केलं. प्रेस उजव्या हातावर आली, त्यानं हात झटक्यात ओढला आणि मधल्या बोटाचं व अनामिकेचं टोक तिथंच राहिलं. टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

आपल्याकडे धान गिरणीत, मळणी यंत्रावर, कुट्टी मशीनवर असंच होतं. रोजचा माणूस येत नाही आणि कुणालाही सांगतात, ‘आजच्या दिवस सांभाळून घे.’ तेव्हा आधी विचारा, बंद करायचं बटण कुठं आहे? पट्ट्याला जाळी आहे का? पदर, ओढणी घट्ट खोचा. विचारलं म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. अपघात झाला की लोक नशिबाला नाही तर आईला बोल लावतात. माझ्या मते चूक न शिकवता मशीनवर उभं करणाऱ्याची असते.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याचा मॅनेजर मात्र घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. ती जँगो राइनहार्टची होती. हा भटक्या समाजातला गिटारवादक. १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागून त्याचा डावा हात भाजला, आणि पुढे तो मुख्यतः दोनच बोटांनी तारा दाबून वाजवायचा. ते ऐकून टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्याची बोटांवर बसणारी टोपणं केली, आपलं शिवणाचं अंगुस्तान असतं तशी. वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या.

पुढे वस्तीतलेच ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड त्याला मिळाले. त्यांचा पहिला अल्बम ‘ब्लॅक सॅबथ’ झाडीपट्टीच्या नाटकासारखा सलग वाजवून एका दिवसात रेकॉर्ड झाला. १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला. सुरुवातीला पाऊस पडतो, घंटा वाजते, आणि मग गिटार येते, संथ आणि जड. जाणकारांनी नाकं मुरडली. तरी इंग्लंडच्या यादीत तो आठव्या नंबरावर गेला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये बोटांना सोपं पडावं म्हणून टोनीनं तारा आणखी सैल केल्या. सैल तारेचा आवाज खाली उतरतो. जगभरच्या पोरांनी त्याचीच नक्कल केली.

५ जुलै २०२५ ला हे चौघं ॲस्टनमध्येच शेवटचे एकत्र वाजले. पैसा मुलांच्या दवाखान्याला आणि कंपवाताच्या संशोधनाला गेला. ऑझी स्वतः त्या आजारानं खिळलेला, खुर्चीत बसून गायला आणि २२ जुलैला वारला. टोनी ७७ वर्षांचा होता, दोन बोटांवर टोपणं चढवूनच वाजवत होता.