एका समीकरणाचीं तीन मुळें

ज्या राशींत अव्यक्ताचे निरनिराळे घात येतात, तिला बहुपदी म्हणतात. अव्यक्ताच्या ज्या किंमतीनें ती सबंध राशि शून्य होते, ती किंमत म्हणजे त्या बहुपदीचें शून्य, अर्थात् समीकरणाचें मूळ. या मुळांच्या शोधांत सोळाव्या शतकांतील गणितज्ञांची मोठी पंचाईत झाली.

इटलींतील कार्दानो यानें १५४५ मध्यें ‘आर्स माग्ना’ हा ग्रंथ काढून घनसमीकरण सोडविण्याची रीत जगापुढें मांडली. तार्ताल्या यानें ती त्याला गुप्ततेची शपथ घालून सांगितली होती. त्यामुळें दोघांत वैर जडलें. पण खरी अडचण निराळीच होती.

एका संख्येचा घन तिच्या पंधरापटींत चार मिळविल्याइतका आहे. ती संख्या कोणती? उत्तर ४. पडताळा सोपा आहे: चाराचा घन ६४, आणि ६० व ४ मिळूनहि ६४च. परंतु कार्दानोची रीत लावूं गेल्यास मध्येंच उणें १२१ चें वर्गमूळ काढावें लागतें! ऋणसंख्या ही कोणाचाच वर्ग नव्हे, म्हणून तिला वर्गमूळ नाहीं, असें भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांतच सांगून ठेविलें होतें. रीत खोटी म्हणावी, तर उत्तर डोळ्यांसमोर. खरी म्हणावी, तर वाट अशक्य.

१५७२ मध्यें बोंबेली यानें धीर केला. उणें एकाचें वर्गमूळ आहे असें धरून त्यानें नेहमींच्याच नियमांनीं हिशेब चालविला. दोहोंत तें मूळ मिळवून घन केला असतां दोन अधिक त्या मुळाची अकरापट येते. रीतींत अडलेली राशि हीच! तिची जोडीदार राशि वजाबाकीची. दोहोंच्या घनमुळांची बेरीज घेतांच अशक्य भाग परस्पर नाहींसा होऊन नेमके ४ उरले.

एक मूळ हातीं आलें कीं पुढील वाट सुगम होते. बहुपदीला ‘अव्यक्त उणें ४’ नें भागावें. निःशेष भाग जाऊन वर्गसमीकरण उरतें. उणें दोहोंत तीनाचें वर्गमूळ मिळविलें कीं दुसरें मूळ, वजा केलें कीं तिसरें.

घात जितका तितकीं मुळें, पुनरावृत्त व काल्पनिक धरून, हा सिद्धांत सिद्ध करण्याचें कार्य गाउस यानें १७९९ मध्यें हातीं घेतलें व तो पुढें पक्का झाला. परंतु पांचव्या घातासाठीं मूलचिन्हांचें सर्वसाधारण सूत्र असूंच शकत नाहीं, हें आबेल यानें १८२४ मध्यें दाखविलें. मुळें आहेत हें निश्चित, पण सूत्र नाहीं. तेथें धन व ऋण किंमतींच्या मधलें अंतर कमी करीत करीतच मुळाला गांठावें लागतें.