पंप तर धुतला होता!

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, नोकरीवरही नाही. आज कापसावर बोलायचंय. आणि माझ्या हातून झालेल्या एका गोंधळावर, ज्यापायी माझे वडील आणि शेजारचे अण्णा वीस-बावीस दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

आमचं शेत परभणी जिल्ह्यात, मानवतपासून जवळ. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मागच्या जुलैत वर्क फ्रॉम होम घेऊन गावी होतो. एका संध्याकाळी बाबांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, तेव्हा मी पुण्याला परतून आठवडा झाला होता. कापसाच्या शेंड्याचा फोटो. खाली लिहिलेलं, "पानं भेंडीसारखी झाली. वायरस म्हणतेत."

आता आपण परभणीची माणसं. 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात आपल्याच कृषी विद्यापीठाची, त्यामुळं भेंडीचं पान ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको. फोटोतलं पान खरंच तसं होतं. लांबट, अरुंद, कातरलेलं, शिरा एकमेकींना चिकटून सरळ पुढं गेलेल्या. कापसाच्या पानाचा पंजा असा नसतो.

दुकानदारानं 'वायरसचं औषध' आणि एक टॉनिक दिलं, २,३०० रुपये. फरक शून्य. मग कुणीतरी बाबांच्या डोक्यात घातलं की अण्णांनी उसात तणनाशक मारलं, ते वाऱ्यानं आपल्याकडं आलं. झालं! बांधावर शब्दाला शब्द लागला. चाळीस वर्षांचा शेजार, दोन्ही घरचे बैल एकमेकांच्या शेतात राबलेले, आणि आता अण्णांच्या घरचा चहा बंद.

शनिवारी मी गावी पोचलो आणि तडक शेतात गेलो. आमच्या धंद्यात एक सवय लागते, आधी बग कुठं कुठं आहे ते बघायचं, का आहे ते नंतर. अण्णांचा ऊस पश्चिमेला. वाऱ्यानं आलं असतं तर पश्चिमेच्या ओळी सगळ्यात जास्त बिघडायला पाहिजेत. पण तिकडचा कापूस ठणठणीत! बिघडलेला कापूस होता पूर्वेला, विहिरीजवळ. तिथल्या सुरुवातीच्या ओळी पार वाकड्या, पुढच्या थोड्या कमी, त्यापुढं जेमतेम, आणि मग काहीच नाही. रोगसुद्धा असा ओळी मोजून थांबत नाही. आणखी एक गोष्ट, खालची जुनी पानं सगळी चांगली होती. बिघाड फक्त नव्या पानांत.

बाबांना विचारलं, "तुडतुड्याची फवारणी कुठून सुरू केलती?"

"विहिरीपासून. तिथंच पाणी भरतो ना."

म्हणजे पहिला पंप, दुसरा पंप, तिसरा पंप. माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या फवारणीच्या आठ दिवस आधी तोच पंप मी वापरला होता. घरामागं गाजर गवत माजलं होतं, त्यावर टू-फोर-डी मारलं. नंतर पंपात पाणी घालून एकदा खळखळ हलवला आणि ठेवून दिला. 'धुतला' असं आईला सांगितलंही.

खात्री करायची म्हणून त्याच पंपात थोडं साधं पाणी घेतलं, हलवलं आणि परसातल्या दोन टोमॅटोंवर मारलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेंडे दोरीसारखे पिळवटलेले. बग रिप्रोड्यूस झाला.

आता हे टू-फोर-डी करतं काय, ते ऐका, कारण गंमत इथं आहे. झाडात ऑक्झिन नावाचं संप्रेरक असतं. पेशींनी कधी वाढायचं, शेंडा कुठं वळायचा, हे ते ठरवतं. टू-फोर-डी हे त्याची हुबेहूब नक्कल. १९४० च्या दशकात शोधलं गेलं. पेशीत टीआयआर-१ नावाचं एक प्रथिन ऑक्झिनला ओळखतं, हे २००५ मध्ये कळलं. टू-फोर-डी त्याच कुलपात बसतं. फरक इतकाच की खरं ऑक्झिन काम झालं की झाड मोडून टाकतं, हे त्याला सहजासहजी मोडता येत नाही. 'वाढ, वाढ, वाढ' हा निरोप थांबतच नाही. म्हणजे झाड उपाशी मरत नाही, वेडंवाकडं वाढून मरतं. ज्वारी, मका, ऊस, गहू ही गवतवर्गीय पिकं ते बऱ्यापैकी पचवतात, म्हणून तिथं ते चालतं. रुंद पानांचं गवत मरतं. आणि रुंद पानांच्या पिकांत कापूस फारच हळवा. पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलच्या जाळीत जे राहतं तेवढंही त्याला पुरतं.

अण्णांवरचा संशय अगदी वेडेपणाचा नव्हता, हेही सांगतो. टू-फोर-डी आपल्याकडं सोडियम सॉल्ट, अमाईन सॉल्ट आणि एस्टर अशा रूपांत मिळतं. एस्टरची वाफ होते, आणि ती फवारणी संपल्यावरही शेजारच्या रानात जाऊ शकते. फक्त आमच्या बाबतीत तसं नव्हतं.

आणि मी ज्याच्यावर ते मारलं ते गाजर गवत स्वतः काय कमी आहे? १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं, आता गावोगावी आहे. त्याच्या पानांत पार्थेनिन असतं, पानं कुजली की ते मातीत उतरतं आणि दुसऱ्यांचं बी उगवू देत नाही. आपली ज्वारीही तशीच. तिच्या मुळांच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचे तेलकट थेंब पाझरतात, आणि ते तणाच्या हरितलवकात जिथं घाव घालतात, जवळपास तिथंच मक्यात मारायचं अ‍ॅट्राझिन घाव घालतं. कारखान्याच्या कितीतरी आधी हे ज्वारीला जमत होतं. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' असं रील्सवर सांगणाऱ्यांनी एकदा गाजर गवताखालची माती बघावी.

असो. आम्ही वाकडे शेंडे खुडले, युरियाची हलकी फवारणी केली, एक पाणी दिलं. कापूस चिवट असतो, खालून नवे फुटवे आले, पानंही पंजासारखी आली. पण त्या ओळींत पाते उशिरा लागले, पहिल्या वेचणीत तिथं जवळजवळ काही नव्हतं. जुना पंप आता फक्त तणनाशकाचा. बाबांनी त्याला लाल रंग फासलाय. औषधाला नवा घेतला, माझ्या पगारातून, हे सांगायला नको.

सगळ्यात अवघड काम मात्र अण्णांकडं जाण्याचं होतं. बाबा येईनात. मी एकटा गेलो, ओट्यावर बसलो, सगळं सांगितलं. पहिला पंप, दुसरा पंप, टोमॅटो, सगळं. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग आत बघून म्हणाले, "दोन कप टाका. आन् ह्याच्या बापाला हाक मारा, म्हणावं पोरानं कबूल केलंय."

बाबा आले. उशिरा आले, पण आले.