पोटाची दुर्बिणीतून तपासणी : गुंगी घेऊन की न घेता?

(वार्षिक सभेनंतर झालेल्या रुग्ण-नातेवाईक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाविषयी बोलतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडून तीच अपेक्षा असते, आणि ताळेबंद या अहवालात पुढे छापलेला आहेच. यंदा मात्र आमच्या डॉक्टर मंडळींच्या सूचनेवरून मी एका तपासणीविषयी बोलणार आहे. डॉक्टर तिला गॅस्ट्रोस्कोपी म्हणतात. आपल्या भागात ‘दुर्बीण घालणे’ किंवा ‘पोटात नळी सोडणे’ असे म्हणतात. मी डॉक्टर नाही. परंतु नाव नोंदवून, पावती घेऊन तपासणीच्या दिवशी जे रुग्ण येत नाहीत त्यांची यादी माझ्या टेबलावर येते. चौकशी केली असता पुष्कळदा असे आढळते की अडचण पैशाची नव्हती, भीतीची होती. आणि ती भीती कुणा शेजाऱ्याने सांगितलेल्या हकिकतीवर पोसलेली होती.

नुसते समजावून सांगितल्याने काय फरक पडतो, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. बार्शी येथे १९८७ साली कर्करोगाची ग्रामीण नोंदणी सुरू झाली. खेड्यांतील लोकवस्तीसाठीची देशातील ती पहिली नोंदणी, आणि बार्शी तालुक्याबरोबर आपल्या जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके तीत समाविष्ट होते. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरून लक्षणे समजावून सांगत. पुढील काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आजाराच्या अगोदरच्या टप्प्यावर उपचारास येऊ लागल्याचे दिसून आले. त्यानंतर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात याच आजारासाठी मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. खेड्यांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीनेही बळावलेल्या कर्करोगाचे व मृत्यूंचे प्रमाण घटते, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना ही तपासणी देऊ केली नव्हती, यावरून पुढे टीका झाली आणि ती टीका विचारात घेण्याजोगी आहे. परंतु जिचा उच्चार करतानाही संकोच वाटावा अशा तपासणीस आपल्याच वाड्या-वस्त्यांवरील हजारो बाया सामोऱ्या गेल्या, हेही तितकेच खरे. त्या मानाने घशातून जाणारी नळी ही लहानच गोष्ट म्हटली पाहिजे.

भीती मुळातच निराधार होती असे नाही. १८६८ साली कुसमाउल या जर्मन वैद्याने जिवंत माणसाच्या जठरात पाहिले तेव्हा त्याची नळी सरळ आणि ताठ होती, आणि ती गिळण्यासाठी त्याला तलवारी गिळणारा खेळकरी शोधावा लागला होता. मऊ, वळणारी नळी येण्यास पुढे नव्वद वर्षे जावी लागली. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे दाखवणाऱ्यांत मोगा येथे जन्मलेले आपले नरिंदरसिंग कपानी होते. हॉपकिन्स यांच्यासह त्यांचा लेख १९५४ साली प्रसिद्ध झाला. १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी तसल्या तंतूंची दुर्बीण तयार केली आणि रुग्णाच्या आधी ती स्वतः गिळली. आजची नळी साधारण करंगळीएवढ्या जाडीची असते, तिच्या टोकाशी दिवा व कॅमेरा असतो आणि ती डॉक्टरांच्या हातातील चाकाने वळते.

आता तयारीविषयी. कागदावर ‘उपाशी पोटी यावे’ असे लिहिलेले असते आणि येथेच मोठा गोंधळ होतो. आपल्या जिल्ह्यात आई तुळजाभवानीचे ठाणे. उपवास कुणाला शिकवावा लागत नाही. परंतु आपल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, शेंगदाणे चालतात, दूध आणि चहा तर चालतोच. दुर्बिणीला यांपैकी काहीही चालत नाही. तपासणीपूर्वी किमान सहा तास अन्न नको, आणि दूध व दुधाचा चहा हे अन्नातच मोडतात. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. तरी आपल्या कागदावर लिहिलेली वेळ प्रमाण मानावी. तंबाखू आणि मिश्रीही त्या सकाळी वर्ज्य. जठरात अन्न राहिले तर आतील अस्तर दिसत नाही, ही एक गोष्ट. ते उलटून श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतू शकते, ही दुसरी. म्हणून एक कप चहा घेतलेल्या रुग्णास परत पाठवले जाते तेव्हा तो अडवणुकीचा प्रकार समजू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळचे काय करावे हे आदल्या भेटीतच विचारून घ्यावे. हृदयात स्टेंट बसवलेल्या अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाने ती आपल्या मनाने कधीही थांबवू नये.

खोलीत गेल्यावर प्रथम कवळी काढून ठेवावी लागते. हलणारा दात असेल तर तसे सांगावे. मग घशात औषधाचा फवारा मारतात. तो कडू लागतो, घसा जाड झाल्यासारखा वाटतो आणि गिळलेले कळेनासे होते. पुष्कळ रुग्ण याच क्षणी घाबरतात. हा गुदमरण्याचा प्रकार नव्हे, बधिरतेचा आहे. नंतर डाव्या कुशीवर निजवून दातांमध्ये प्लास्टिकचे कडे देतात आणि नळी जिभेवरून मागे नेतात. डॉक्टर सांगतील तेव्हा एक घोट गिळायचा असतो. श्वासाची वाट वेगळी आणि अन्नाची वेगळी. नळी अन्नाच्या वाटेने जाते, त्यामुळे श्वास सुरूच राहतो. तो नाकाने, संथ घेत राहावा. लाळ गिळू नये, वाहू द्यावी; खाली कापड असते. जठर फुगवण्यासाठी हवा सोडतात, म्हणून पोट तट्ट होते आणि ढेकर येतात. आमच्या परिचारिका सांगतात की वडीलधाऱ्या स्त्रिया या ढेकरांनी फार ओशाळतात. तेथे कुणी हसत नाही. तुकडा काढण्याची गरज पडली तर आतील अस्तराला त्या चिमट्याची वेदना होत नाही. तुकडा काढला म्हणजे कर्करोगच असणार असे मुळीच नाही. व्रणास कारण होणारा जंतू शोधण्यासाठीही तो काढतात. एवढे सारे साधारण पाच ते दहा मिनिटांत आटोपते.

गुंगी न घेता त्रास होतच नाही, असे मी म्हणणार नाही. उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी येते, पहिले मिनिट जड जाते. पण तो त्रास मोजका असतो. रुग्ण शुद्धीवर असतो, डॉक्टरांनी काय पाहिले ते लगेच ऐकू शकतो. घशाची बधिरता उतरल्यावर, म्हणजे अर्ध्या-एक तासाने, घोटभर पाणी पिऊन पाहावे, ठसका लागला नाही तर खावे आणि दुपारच्या एस.टी.ने घरी जावे. ज्याच्यासोबत कुणी येऊ शकत नाही, ज्याला संध्याकाळी जनावरांचे चारापाणी पाहायचे आहे, त्याला हाच मार्ग सोयीचा. दम्याच्या अथवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या वृद्धांनाही डॉक्टर अनेकदा हाच सुचवतात.

गुंगीचे इंजेक्शन म्हणजे शस्त्रक्रियेची पूर्ण भूल नव्हे, हा भेद लक्षात ठेवावा. हातावरील शिरेतून औषध देतात. रुग्ण पेंगतो, पण हाक मारल्यास प्रतिसाद देतो. नंतर त्यास झालेले बरेचसे आठवत नाही. औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात, नाकाशी प्राणवायूची नळी ठेवतात आणि एक परिचारिका केवळ रुग्णाकडे लक्ष ठेवून असते. उमाळे फार येणारे, अतिशय घाबरलेले किंवा दुर्बिणीतून उपचारही करावयाचे असलेले रुग्ण यांच्यासाठी गुंगी हितावह ठरते. लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांना बहुधा भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली भूलच द्यावी लागते.

परंतु गुंगीचा खरा हिशेब तपासणीनंतर सुरू होतो. रुग्ण तासाभरात उठून बसतो, बोलतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो; तरीही औषधाचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो. चोवीस तास मोटारसायकल चालवू नये, कडबाकुट्टीच्या यंत्राशी जाऊ नये, एकट्याने विहिरीवर मोटार सुरू करण्यास जाऊ नये, आणि सोसायटीच्या किंवा जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही-अंगठा करू नये. सोबत जाणता प्रौढ माणूस हवाच. दहा वर्षांचा नातू चालत नाही. शेवटच्या गाडीने उतरून वस्तीपर्यंत अंधारात चालत जावयाचे असेल, तर तेही तपासणीची वेळ ठरवतानाच सांगावे, म्हणजे सकाळची पहिली वेळ देता येते.

या निर्णयाबाबत दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. पुरुष मंडळींना ‘मला कशाला सुई पाहिजे’ असे म्हणण्याची हौस असते, आणि स्त्रियांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबतचा पुरुष देऊन टाकतो. गुंगी घ्यावी की नाही हे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या रुग्णाने ठरवावयाचे आहे. संमतिपत्र मराठीत आहे. ते वाचून अथवा वाचवून घ्यावे आणि सही इंजेक्शनच्या आधी करावी. नळीमुळे छिद्र पडणे किंवा रक्तस्राव होणे असे धोके त्यात लिहिलेले असतात. साध्या तपासणीत ते अत्यंत विरळा आहेत, पण लपवून ठेवण्यासारखे नाहीत. घरी गेल्यावर छातीत वा पोटात तीव्र वेदना, ताप, धाप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास सकाळची वाट न पाहता परत यावे.

विश्वस्त व देणगीदारांसाठी माझ्या विषयातले थोडे. गुंगीचे औषध महाग नाही. महाग आहे ती देखरेख : जादा परिचारिका, मॉनिटर, प्राणवायू आणि विश्रांतीची खाट. शिवाय नळी उकळता येत नाही. प्रत्येक रुग्णानंतर ती आतून-बाहेरून घासून जंतुनाशक द्रावणात ठरावीक वेळ ठेवावी लागते. बाहेर बसलेल्यांना हा उशीर वाटतो, पण पुढच्या रुग्णाची सुरक्षितता त्यातच आहे, आणि दुसरी नळी असेल तरच ही वाट पाहणे कमी होते. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने असतात, आणि त्यासाठी देयकांच्या २ टक्के रक्कम निधीत जमा होते. ‘मोफत तपासणी’ याचा अर्थ हळूहळू ‘गुंगीविना तपासणी’ असा होऊ लागणे सहज शक्य असते, कारण खर्च तेथेच वाचतो. तसे आपल्याकडे होऊ नये. निर्धन रुग्णासही दोन्ही पर्याय तितक्याच मोकळेपणाने विचारले जावेत, ही माझी मंडळास आग्रहाची विनंती आहे.

कुणी यावे? प्रत्येक जळजळीसाठी दुर्बीण लागत नाही. परंतु भाकरीचा घास छातीत अडकतो, पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, वजन घटते, रक्त कमी होते, शौच काळे होते, अशांनी ‘पित्त आहे’ म्हणून सोडा आणि गोळ्यांवर महिने काढू नयेत. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून रोज घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. जठराला व्रण पडण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

येताना जुने कागद, चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि सोबतचा माणूस आणावा. तुकडा तपासणीस पाठवला असेल तर त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो, आणि तो न्यावयास कुणी येत नाही असेही घडते. विशेषतः कळंब, वाशी, भूम भागातील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि घरचा फोन बंद लागतो. अशांनी नोंदणीच्या खिडकीवर मुकादमाचा किंवा गावातील एखाद्या नातेवाइकाचा दुसरा क्रमांक अवश्य लिहून द्यावा.